मदत हवी आहे : 'ब्रेस'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. इंग्रजी अमदानीतल्या एका शिकाऱ्याच्या रोजनिशीचं मराठी करतोय आणि 'ब्रेस' या शब्दापाशी अडलोय. दातांच्या तारेचा ब्रेस नव्हे. इथे अर्थ आहे जोडी, तीही बहुधा मारलेल्या पक्ष्यांची. 'अडीच ब्रेस तितर' म्हणजे पाच तितर! आधी आकडा आला तरी शब्द तसाच राहतो, शेवटी इंग्रजी अनेकवचनाचा 's' लागत नाही. मूळ लॅटिनमधल्या 'बाहू'च्या शब्दात. बाहू दोन, म्हणून बहुधा दोन. पिस्तुलांच्या जोडीलाही ब्रेस म्हणत, आणि आज फुटबॉलमध्ये एकाच खेळाडूने सामन्यात दोन गोल केले की तोही ब्रेसच.

माझी अडचण अशी, की 'जोडी' म्हटलं की नर-मादी डोळ्यांसमोर येतात. 'दुक्कल' चोरांची. 'जोड' मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, पण 'अडीच जोड तितर' वाचताना खटकेल का? सरळ 'पाच तितर' लिहिलं तर मोजण्याची ती रीतच हरवते, आणि मला ती मनापासून जपायची आहे. तुमच्या गावाकडे पक्षी, कोंबड्या असं काही दोन-दोनने मोजायचा खास शब्द आहे का? असल्यास कोणत्या भागातला, तेही कृपया सांगा.