बंड्या, पांडू, भागूबाई : साध्या नावांची शिवी कशी होते?

परवा काकांना मागे बसवून स्कूटरवर चाललो होतो, पुढे चौकात पोलीस दिसला आणि सवयीने तोंडातून निघालं, "च्यायला, पांडू उभाय." मागून शांत आवाज आला, "पांडू मागे बसलाय. पुढे हवालदार आहे." काकांचं नाव पांडुरंग. घरी पोचेपर्यंत मी गप्प.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वारीत ज्या नावाचा गजर होतो तेच नाव आपण टिंगलीला कसं काय वापरतो? पांडूचं एकवेळ समजू शकतो, दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ ला आला आणि ते नाव खाकी वर्दीला चिकटलं ते चिकटलंच. पण बंड्या, गण्या, बाळ्या यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? शकुनीमामा, मंथरा, सूर्याजी पिसाळ यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मागे काहीतरी कर्तृत्व आहे म्हणून शिवी आहे, आणि पेंद्या बिचारा कृष्णाचा सवंगडी, लंगडा म्हणून सापडला. पण गण्याची तर काही कथाच नाही, तरी "कुठला गण्या पाठवलाय रे हा" म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं. कसं काय?

*

पहिला प्रतिसाद: शिवी नावात नाहीये हो, शेवटच्या 'या' मधे आहे. भित्रा, वेडा, बावळा यांना हाक मारून बघा. भित्र्या, वेड्या, बावळ्या. आता गणेशचा गण्या, दिनेशचा दिन्या, विनायकचा विन्या. कानाला दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात, त्यामुळे नाव घेतलं तरी दोष काढल्यासारखं ऐकू येतं. पण गंमत अशी की समोरच्याला "ए गण्या, जेवायला चल" म्हटलं तर तो लाड आहे, दोस्ती आहे, उलट जवळच्या मित्राने अचानक "गणेश" म्हटलं की काहीतरी बिनसलंय समजायचं. शिवी होते ती माणूस समोर नसताना, नावाआधी 'कुठला', 'असला', 'एक' लागलं की. 'ए गण्या' आणि 'एक गण्या' यात एका 'क' चा फरक आहे, पण पहिला जेवायला बसतो आणि दुसर्‍याला दारातूनच परत पाठवतात.

आणि याच्या बरोब्बर उलटी युक्ती पण आहे. मान वाढवून अपमान. "मोठा बाजीराव लागून गेलास का", "कोण तो टिकोजीराव". टिकोजी नावाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, तरी त्याच्या रुबाबाचा आपल्या सगळ्यांना राग आहे.

*

दुसरा प्रतिसाद: 'या' चं पटलं पण अर्धंच. मग आर्यनचा आर्यन्या का होत नाही? विहान्या? शिवी व्हायला नाव एक पिढी जुनं लागतं, आणि खरं बोलायचं तर जरा गरीब लागतं. पूर्वी मुंबईतल्या घरांमधे गड्याचं खरं नाव काहीही असो त्याला 'रामा' म्हणायचे, "आमचा रामा सुट्टीवर गेलाय" वगैरे. म्हणजे देवाचं नाव, पण हुद्दा नोकराचा. सोम्यागोम्या, रामा-शिवा-गोविंदा ही सगळी त्याच रांगेतली, ज्यांची नावं लक्षात ठेवायची गरज वाटली नाही त्यांची. गावाकडच्या नावांना शहरात हसतात ना, त्यातून यातला निम्मा माल आलाय असं माझं मत. बायकांची नावं तर अजूनच वाईट, ठकी, यमी, चिंगी. आणि मुलगा घाबरला की "अरे ए भागूबाई"! म्हणजे एकाच दगडात त्या पोराचा अपमान आणि जगातल्या समस्त भागीरथीबाईंचा पण. माझी आज्जी भागीरथी होती, दिवसभर राबून रात्री एकटी शेतावर पाणी धरायला जायची. भित्रेपणाशी तिचा काय संबंध?

*

तिसरा प्रतिसाद: हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत हुकूम सोडणार्‍या, "मॅनेजरला बोलवा" म्हणणार्‍या बायकांना 'कॅरन' म्हणतात, २०२० मधे तर ते सगळीकडे होतं. ते पण एका पिढीत खूप ठेवलं गेलेलं नाव, वरच्या मुद्द्यात बसतं, फक्त गरीब हा भाग बसत नाही, तिथे उलट तोरा आहे. जर्मनीत केविन नावाच्या पोरांना मास्तर आधीच ढ धरतात यावर मोठी चर्चा झालेली, तिथे मात्र गरिबी बसते. आणि सगळ्यात अन्याय झाला जॉन डन्स स्कॉटसवर. १३०८ साली वारलेला हा मोठा तत्त्वज्ञ, पुढे काही शतकांनी विरोधकांनी त्याच्या अनुयायांची इतकी टर उडवली की इंग्रजीत 'डन्स' म्हणजे ढ विद्यार्थी. एवढा विद्वान माणूस, आणि नाव कुणाला चिकटलं बघा.

*

धागाकर्ता परत. शेवटी काकांनाच विचारलं, राग आला होता का. ते म्हणाले, "शाळेत मास्तर पांड्या म्हणायचे, आई पांडबा म्हणायची, साहेब झालो तेव्हा हाताखालचे लोक पांडुरंगराव म्हणायला लागले. पांडू म्हणणारे दोघंच होते, दोघंही गेले. परवा तू म्हणालास तेव्हा मी ओ देणार होतो."

बाकी हेल्मेट घालत जा म्हणाले.