मदत हवी आहे: बायबलमधली पुस्तकं कुठल्या क्रमानं लावलीत?

आमच्या शेजारच्या आज्जींना आता अक्षर दिसत नाही. आयुष्यभर दर रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारी बाई, आता जिना उतरणं होत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना त्यांचं बायबल वाचून दाखवतो. आमच्या घरी हे पुस्तक कधी नव्हतं त्यामुळं मला सगळं नवीन. स्तोत्र २३ म्हटलं की साधारण मधोमध उघडायचं, स्तोत्रसंहिता तिथंच घावते, एवढं जमलं. पण काल म्हणाल्या "पहिलं योहान, चार, आठ काढ बाळा", मी योहान काढून चौथा अध्याय वाचायला लागलो तर ती विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट निघाली. आज्जींनी सगळी ऐकून घेतली आणि मग हळूच म्हणाल्या, हे नव्हे रे. लई वाईट वाटलं. योहान नावाची पुस्तकं किती आहेत? आणि मित्राच्या घरी कॅथलिक बायबल आहे त्यात ७३ पुस्तकं, आज्जींच्यात ६६, असं का?

प्रतिसाद:
बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. योहानाचं शुभवर्तमान (म्हणजे येशूच्या जीवनाची कथा) एक, ते नव्या कराराच्या सुरुवातीला मत्तय, मार्क, लूक यांच्यानंतर. आणि योहानाची पत्रं तीन, ती पार शेवटाकडं, पेत्राच्या पत्रांनंतर. "पहिलं" म्हणाल्या की पत्रच समजा.
क्रम लावलाय तो लिखाणाच्या प्रकारानं. जुन्या करारात नियमशास्त्राची पाच, मग इतिहास, मग ईयोब-स्तोत्रं वगैरे काव्य, मग संदेष्टे. नव्यात शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, पत्रं आणि शेवटी प्रकटीकरण. पौल या प्रेषिताची पत्रं तर साधारण लांबीप्रमाणं लावलीत, मंडळ्यांना लिहिलेली आधी आणि एकेका माणसाला लिहिलेली नंतर, म्हणून रोमकरांस पत्र पहिलं येतं, ते सगळ्यात आधी लिहिलं म्हणून नव्हे.
नवा करार दोन्हीकडं २७ पुस्तकांचाच. फरक जुन्या करारात, आज्जींच्यात ३९, कॅथलिकांच्यात ४६, तोबीत, मक्काबी वगैरे जास्तीची. प्रत्येक गटाच्या पहिल्या पानाला कागदाची पट्टी लावून ठेवा, शोधायला सोपं जाईल.

धागाकर्ता:
सापडलं! आज वाचलं, आज्जी माझ्या आधीच पुढचं म्हणत होत्या, सगळं पाठ आहे त्यांना. उद्यासाठी हबक्कूक सांगितलंय, ते कुठं बघू?

प्रतिसाद:
जुन्या कराराच्या अगदी शेवटी बारा लहान संदेष्टे आहेत त्यातला आठवा, नहूम झाल्यावर लगेच. तीनच अध्याय आहेत, सावकाश वाचा.