मदत हवी आहे: टपाला तडा गेलाय, नाशकात फायबरचं काम कोण करतं?

पाथर्डीफाटा:
नमस्कार मंडळी. आमच्या कॅम्पर गाडीचा (आत बेड-ओटा बसवलेल्या गाडीचा) टप, म्हणजे छत, मागच्या डाव्या कोपऱ्यात फुटलाय. परवा लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या गेटला लोखंडी कमान आहे, रिव्हर्स घेताना कोपरा तिला लागला. हातभर तडा आहे. काल संध्याकाळी वळीव आला आणि आतल्या बेडवरची आईची गोधडी भिजली. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते. आईबाबा दरवर्षी दिंडीत असतात आणि आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून गाडी दिंडीच्या मागे चालते. त्याच्या आत काम व्हायलाच हवं. अंबड-सातपूरला दोघांकडे जाऊन आलो, दोघंही असलं काम घेत नाहीत म्हणाले. चांगला फायबरवाला सांगा. लवकर.

सातपूर_वेल्डर:
कोणती गाडी? टप कंपनीचा की वाढवलेला? फोटो टाका.

द्राक्षबाग_पिंपळगाव:
भो, एवढं टेन्शन घेऊ नको. आमच्या औषध फवारायच्या ब्लोअरच्या टाकीला मागच्या छाटणीच्या वेळी तडा गेला होता. प्लास्टिक वेल्डिंगवाला शेतावर आला, गरम हवेचं मशिन आणि प्लास्टिकची काडी, अर्ध्या तासात मोकळा. अजून टिपूस गळत नाही.

सातपूर_वेल्डर:
@द्राक्षबाग, ती टाकी प्लास्टिकची. प्लास्टिक तापवलं की वितळतं, म्हणून सांधता येतं. फायबर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, नुसतं जळतं. इथे तो उपाय चालणार नाही.

पाथर्डीफाटा:
गाडी २००८ ची ट्रॅव्हलर. एका शाळेकडून घेतली होती. आत दोन बेड, ओटा, छोटं संडास बसवलंय. टप कापून फायबरचा उंच टप टाकलाय म्हणून तर कमानीला लागला. फोटो रात्री टाकतो. मला फक्त माणूस सांगा, बाकी मी बघतो.

गोदाकाठ:
अहो, आधी एक सांगा. तो मागचा डावा कोपरा म्हणजे सिलिंडर ठेवता तीच बाजू का? असेल तर दणक्याने गॅसचा पाइप किंवा जोड हलला असू शकतो. साबणाचं पाणी लावून बघितल्याशिवाय शेगडी पेटवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वास नाकापर्यंत येईपर्यंत तळाशी बराच साठलेला असतो. खालची जाळी उघडी आहे ना तेही बघा.

पाथर्डीफाटा:
सिलिंडर त्याच कप्प्यात आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आता बघतो.

पाथर्डीफाटा:
बघितलं. पाइप ठीक आहे, पण रेग्युलेटरजवळच्या क्लिपला फेस आला. सिलिंडर काढून घरात आणून ठेवला. गोदाकाठ, मनापासून आभार.

निवृत्त_सर्व्हेअर:
विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे की गाडीच्या नुकसानीचाही? आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय? आत बेड बसवले तेव्हा आरटीओत नोंद केली होती का? ही उत्तरं मिळाल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत बदल केला की नोंद लागते. नोंद नसली तर कंपनी क्लेमवर बोट ठेवते.

पाथर्डीफाटा:
पेठ रोडला जाऊन रीतसर नोंद केलीय, आरसीवर कॅम्पर व्हॅन आहे. १५ वर्षं झाल्यावर २०२३ ला ५ वर्षांसाठी नूतनीकरणही केलं. विमा फुल आहे. पण क्लेमच्या भानगडीत महिना जाईल, मला वेळ नाही.

निवृत्त_सर्व्हेअर:
महिना जात नाही. उद्या कळवा, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढेल, मग काम सुरू करा. आता हातात काय पडेल ते ऐका. घसारा म्हणजे भाग जुना म्हणून केलेली कपात. काचेला घसारा नाही. फायबरच्या भागाला ३० टक्के कापतात, प्लास्टिक आणि रबराला ५० टक्के. गाडी १० वर्षांवरची म्हणजे धातूच्या भागालाही ५० टक्के. रंगाच्या मालावर ५० टक्के. मजुरीवर घसारा लागत नाही, आणि तुमच्या कामात खर्च मजुरीचाच जास्त. उलट बाजूने, क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. तो म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सलग ५ वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असते. बिल छोटं असेल तर क्लेम घेऊ नका हे मीच सांगेन. पण आत प्लाय गेला असेल तर बिल छोटं राहणार नाही.

देवळाली_कॅम्प:
बोनसचा विचार करा साहेब. मी दोन वर्षांपूर्वी बंपरचा क्लेम घेतला, पुढच्या हप्त्यात सगळं फिटलं.

निवृत्त_सर्व्हेअर:
बंपर आणि टप एक नाही.

सातपूर_वेल्डर:
फोटो पाहिले. माझं सरळ मत: फायबरच्या नादी लागू नका. १८ गेजचा जीआय पत्रा वाकवून कोपऱ्यावर चढवा, खाली सीलंट, वर रिव्हेट. अंबडला एका दिवसात होईल. ट्रकवाले आयुष्यभर हेच करतात.

होडीवाला:
नको. फायबर आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत. मे महिन्यातलं नाशिकचं ऊन आणि रात्रीचा गारवा, चार महिन्यांत रिव्हेटची भोकं सैल होतील आणि जिथे एक तडा होता तिथे वीस भोकांतून पाणी येईल. मी गंगापूर धरणावरच्या होड्यांचं फायबरचं काम करतो, टपाचंही करून देतो. पण फोटोत तड्यावर पांढरं काय दिसतंय?

पाथर्डीफाटा:
सिलिकॉन आहे. वळीव आला त्याच रात्री भरलं. बाथरूमचं होतं घरात.

होडीवाला:
दादा, हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं. सिलिकॉनवर रेझिन (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) धरत नाही, रंगही धरत नाही. आणि बाथरूमच्या त्या आंबट वासाच्या सिलिकॉनमधून ॲसिड सुटतं, कोपऱ्याची ॲल्युमिनियमची पट्टी त्याने खराब होते. आता धारदार पात्याने सगळं खरवडून काढावं लागेल, मग ॲसिटोनने पुसायचं आणि त्यानंतरच ग्राइंडर लावायचा. आधी ग्राइंडर फिरवलात तर सिलिकॉन फायबरच्या रेषांत घासलं जाईल आणि ते काही केल्या निघणार नाही.

इपॉक्सी_प्रेमी:
रेझिन इपॉक्सीचं वापरा, पॉलिस्टरचं नको. इपॉक्सी जास्त चिकटतं. मी घरच्या पाण्याच्या टाकीला वापरलंय.

होडीवाला:
इपॉक्सी चांगलंच, पण मग सोबत काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड घ्या. बाजारातली साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची) पॉलिस्टरसाठी असते. तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट कडक राहते आणि आत हवेचे फुगे राहतात. शिवाय इपॉक्सीवर नंतर कधी पॉलिस्टर लावायची वेळ आली तर ते नीट धरणार नाही. यांचा टप पॉलिस्टरचा दिसतोय, मी पॉलिस्टरच वापरेन.

इपॉक्सी_प्रेमी:
माझी टाकी सहा वर्षं टिकली आहे, एवढंच सांगतो.

द्राक्षबाग_पिंपळगाव:
आणि गाडी आडगाव नाक्याकडून आणू नका, सिंहस्थाच्या कामांमुळे रस्त्यांची दैना आहे. दणके बसून तडा वाढेल.

गोदाकाठ:
सगळे तड्यावर बोलताय, पाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. गोधडी भिजली म्हणजे पाणी टपातून खाली येऊन प्लायमधून झिरपलंय. आतून कोपऱ्याखालचा प्लाय बोटाच्या पेराने ठोकत खाली या. टणक आवाज येतो तिथे कोरडा. बद्द आवाज आला की तिथे खडूची खूण करा. मग बारीक टोच्या घ्या आणि खुणेच्या आत टोचा. आमच्या गाडीला बाहेरून वीतभर तडा होता, आत ओल खिडकीच्या खालपर्यंत उतरली होती. वरून बंद करून टाकलं असतं तर पावसाळ्याअखेर आतली फ्रेम गंजून गेली असती.

पाथर्डीफाटा:
ताई, मला वाटलं होतं वरून बंद केलं की झालं. आता ठोकून बघितलं. कपाटाच्या वरच्या फळीपासून बेडच्या कडेपर्यंत बद्द आवाज येतोय, जवळपास तीन फूट. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला तपकिरी ओला भुसा होता. प्लायच्या मागे चौकोनी पाइप दिसतोय, त्यावर लालसर गंज आहे पण पोखरलेला नाही.

होडीवाला:
मग क्रम असा ठेवा. आधी आतून तो प्लाय उघडा, खराब तेवढा कापून काढा. कोरडं होऊ द्या, पंखा लावा, दोनतीन दिवस लागतील, घाई करू नका. पाइपचा गंज वायर ब्रशने काढून प्राइमर मारा. तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहतो. मग तड्याच्या दोन्ही बाजू घासून उतरत्या करा. टप ३ मिलिमीटर जाड असेल तर दोन्हीकडे निदान साडेतीन सेंटिमीटर उतार हवा. लोक बोटभर घासतात आणि मग म्हणतात ठिगळ सुटलं. आतून मॅटचे दोन थर, बाहेरून तीन, प्रत्येक थराचा फुगा रोलरने काढायचा. शेवटी जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत वरचा थर, आणि रंग.
हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. या उन्हात १ च्या जवळ ठेवा, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. सकाळी सातला सुरू करा, दुपारी टप हाताला पोळतो. सगळ्यात महत्त्वाचं, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, पेट घेतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. घासताना मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चष्मा.

सातपूर_वेल्डर:
प्लाय नवीन घ्याल तो मरीन घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. एमआर लिहिलेला स्वस्तात मिळतो, तो दमट हवा सोसतो, पाणी नाही. फ्रेमचं वेल्डिंग लागलं तर मी करून देईन. पत्र्याचं म्हणणं मागे घेतो, वीस भोकांचा मुद्दा पटला.

शरणपूर_रोड:
याच गाड्यांबद्दल विचारायचं होतं. सोसायटीत पार्किंगला परवानगी देत नाहीत, सेक्रेटरींशी वाद चालू आहे. कुणाला अनुभव?

गोदाकाठ:
वेगळा धागा काढा ना, इथे यांना पालखी गाठायचीय.

निवृत्त_सर्व्हेअर:
पाथर्डीफाटा, प्लाय उघडण्यापूर्वी क्लेम कळवला का?

पाथर्डीफाटा:
कळवला. सर्व्हेअर आज सकाळी येऊन गेले. खडूच्या खुणा, टोच्याची भोकं सगळ्यांचे फोटो घेतले. सिलिकॉन कधी भरलं तेही खरं ते सांगितलं. आता काम सुरू करतोय. होडीवाले दादा रविवारी येतो म्हणाले.

पाथर्डीफाटा:
बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांना कळवणं भाग आहे.
ओला प्लाय काढला तेव्हा हाताने तुकडे पडत होते, भिजवलेल्या भाकरीसारखे. पंखा तीन दिवस अखंड चालू ठेवला. फ्रेमचा एकच पाइप सांधावा लागला, तो सातपूरच्या दादांनी केला आणि पैसे घ्यायला तयार नव्हते, बळेच दिले. सिलिकॉन काढायला अख्खा दिवस गेला. फायबरचं काम दोन सकाळी मिळून झालं. पाणी अडवायला पट्टीखाली ब्युटाइलची चिकट टेप लावली आणि कडेला पीयू सीलंट भरलं. गॅसचा पाइप आणि क्लिप दोन्ही नवीन.
काल टपावर तासभर पाण्याचा पाइप सोडला. आई आत बेडवर बसून नवीन प्लायवरून हात फिरवत होती. कोपऱ्यात, कपाटामागे, बेडच्या कडेला. "कोरडं आहे रे सगळं," म्हणाली. मग खिडकीखाली हात नेला आणि थांबली. खिडकीच्या रबरातून एक ओघळ येतोय. तो जुनाच असणार, कमानीचा संबंध नाही. पालखीला नऊ दिवस आहेत. हे रबर मीटरवर मिळतं का?

गोदाकाठ:
मिळतं, पण मापाने मागू नका. जुन्या रबराचा चार बोटं तुकडा कापून सोबत न्या आणि दुकानात खोबणीला खोबणी जुळवून बघा. बसवताना जोड खिडकीच्या वरच्या कडेला ठेवा, खाली नको. आईंना नमस्कार सांगा.