लेयर लहान करताना फोटो ताणला जातो. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत?

हौशी_कुंचला

नमस्कार मंडळी,

एका स्लाइड शोसाठी 1920 × 1080 च्या पानावर दोन-दोन, तीन-तीन फोटो मांडतेय. प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर आहे. पान तेवढंच ठेवून एखाद्या लेयरवरचा फोटो लहान करायचा, एवढंच काम. पण कोपरा धरून ओढला की कधी फोटो शहाण्यासारखा आकसतो, तर कधी माणसं बुटकी आणि रुंद होतात. एके ठिकाणी वाचलं की शिफ्ट दाबून ओढा, दुसरीकडे वाचलं की शिफ्टला हात लावू नका. 'इमेज साइज'मधून करायला गेलं तर अख्खं पानच लहान होतं.

एका मशीनवर फोटोशॉप आहे, दुसऱ्यावर गिंप. दोन्हीकडे चालेल अशी खात्रीची पद्धत सुचवा. की या कामासाठी तिसरंच काही घ्यावं? फुकट असेल तर उत्तम. आणि आज लहान केलेला फोटो उद्या पुन्हा मोठा करावा लागला, तर तो धुरकट होऊ नये म्हणून काय करायचं?

उंटावरचा_शहाणा

शिफ्ट दाबा, कोपरा धरा, ओढा. संपला विषय. सॉफ्टवेअर बदलायची काही गरज नाही.

थरावर_थर

उंटावरून 2018 च्या आधीचं दिसतंय वाटतं :)

ताई, तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त आवृत्त्या वेगळ्या. जुन्या फोटोशॉपमध्ये कंट्रोल-टी दाबून फ्री ट्रान्सफॉर्म (लेयरचा आकार बदलायची सोय) चालू केलं की लेयर मोकळा ताणला जायचा आणि रुंदी-उंचीचं प्रमाण राखायला शिफ्ट दाबावी लागायची. ऑक्टोबर 2018 मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी 2019 या आवृत्तीपासून हे नेमकं उलटं झालं. आता नुसतं ओढलं की प्रमाण राखलं जातं आणि शिफ्ट दाबली की सुटतं. ज्यांच्या बोटांना जुनी सवय आहे ते आपण होऊन शिफ्ट दाबतात आणि फोटो बुटका करून बसतात. प्रेफरन्सेसमध्ये 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' अशी खूण असते. ती कुणी लावून ठेवली असेल तर नवी आवृत्तीही जुन्यासारखीच वागते. मशीन चार जणांच्या हाताखालचं असेल तर हे आधी तपासा.

माझं म्हणाल तर शिफ्टचा नादच सोडा. कंट्रोल-टी दाबल्यावर वरच्या पट्टीत डब्ल्यू (रुंदी) आणि एच (उंची) असे दोन आकडे दिसतात आणि मध्ये साखळीचं चिन्ह असतं. साखळी जोडलेली ठेवायची, डब्ल्यूमध्ये 40% टाइप करायचं, एच आपोआप 40% होतो. एंटर. माऊसने ओढायचं असलं तरी डोळा त्या दोन आकड्यांवर असू द्या. ते सारखे आहेत तोवर प्रमाण बिघडलेलं नाही, मग कोणतंही बटण दाबलेलं असो.

आणखी दोन किरकोळ अडचणी येतील. कंट्रोल-टी लागूच होत नसेल तर तो लेयर बहुधा कुलूपवाला 'बॅकग्राउंड' असेल. त्याच्यावर डबल क्लिक करून ओके म्हणा, साधा लेयर होईल. आणि फोटो पानापेक्षा इतका मोठा की कोपरेच दिसत नाहीत, असं झालं तर ट्रान्सफॉर्म चालू असतानाच कंट्रोल-शून्य दाबा, चारही कोपरे पडद्यावर येतील.

उंटावरचा_शहाणा

मान्य. आमच्याकडे अजून जुनीच आवृत्ती आहे, ती उत्तम चालते आणि बदलायचा विचार नाही.

रिकामा_कॅनव्हास

गिंपबद्दल मी सांगतो, रोज तेच वापरतो.

लेयर्सच्या यादीत हवा तो लेयर निवडा आणि शिफ्ट-एस दाबा, स्केल टूल येईल. चित्रावर क्लिक केलं की रुंदी-उंचीची छोटी खिडकी उघडते. तिथेही साखळी आहे, पण ती तुटलेली असू शकते, म्हणून ओढायच्या आधी बघून घ्या. तुटली असेल तर क्लिक करून जोडा. मग रुंदी लिहून टॅब दाबलं की उंची आपोआप बदलते.

याहून सोपा रस्ता मेनूतला: 'लेयर' मध्ये 'स्केल लेयर'. लक्ष एवढंच ठेवायचं की 'इमेज' मेनूमध्ये 'स्केल इमेज' असतं, दिसायला सख्खं भावंड, पण ते पूर्ण चित्र बदलतं. फोटोशॉपमध्ये 'इमेज साइज'ने तुमचं पान लहान झालं ते याच जातीचं प्रकरण. एका लेयरचं काम असेल तेव्हा 'इमेज' मेनूकडे फिरकू नये.

अजून एक. आधीचं सिलेक्शन कुठेतरी राहून गेलं असेल तर स्केल टूल फक्त तेवढाच तुकडा लहान करतं आणि 'फ्लोटिंग सिलेक्शन' म्हणून वेगळं लटकवून ठेवतं. नवखे इथे हमखास गोंधळतात. कामाआधी 'सिलेक्ट' मधून 'नन' करून टाका.

बेरीज_वजाबाकी

सगळ्यांनी बटणं सांगितली, पण ताईंची खरी अडचण पुढे येणार आहे, म्हणून थोडं गणित.

कॅमेऱ्याचे बरेच फोटो 3:2 असतात, मोबाइलचे बहुतेक 4:3. तुमचं पान 16:9 आहे. प्रमाण राखून फोटो लहान केला तर तो पानात काठोकाठ बसणारच नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी हात कडेचा ठोकळा धरून 'एवढं जरासं' ताणायला जातो. बुटकी माणसं तिथेच जन्माला येतात!

उदाहरण घ्या. 6000 × 4000 चा फोटो. रुंदी 1920 केली (म्हणजे 32%) की उंची येते 1280. पान 1080 चं, तर 200 पिक्सेल वर-खाली मिळून पानाबाहेर जातील. उलट उंची 1080 केली (27%) की रुंदी 1620 येते, आणि दोन्ही बाजूंना 150-150 पिक्सेल रिकामे राहतात. कापायचं की रिकामं सोडायचं, यातलं एक निवडावंच लागतं. ताणणे हा तिसरा पर्याय नाही.

कापायचं ठरलं तरी लेयर खरोखर कापू नका. लेयर मास्क लावा, म्हणजे बाहेरचा भाग नुसता झाकला जाईल आणि उद्या फोटो वर-खाली सरकवता येईल. एखाद्याचं डोकं कापलं गेल्याचं नेहमी शेवटी लक्षात येतं.

एका पानावर तीन फोटो असतील तर आधी चौकटीचं एकच प्रमाण ठरवा आणि तिन्ही फोटो त्या चौकटीत भरा. नाहीतर एकाचं 4:3, दुसऱ्याचं 3:2 आणि कडा कधीच जुळत नाहीत.

थरावर_थर

वरच्या प्रतिसादाला +१. 'ताणणे हा तिसरा पर्याय नाही' हे पडद्याला चिकटवून ठेवावं.

आता पुन्हा मोठं करण्याचा प्रश्न, कारण माझ्या मते या धाग्यातला तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. साधा लेयर लहान करून एंटर मारलं की जास्तीचे पिक्सेल कायमचे गेले. 4000 × 3000 चा फोटो 25% केला की 1000 × 750 राहतो. म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेलमधले साडेसात लाख उरले, सोळावा हिस्सा. उद्या तो 400% केला तर सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजाने भरणार. धुरकटपणा येतो तो तिथून.

फोटोशॉपमध्ये यावर इलाज म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ फोटो आत जसाच्या तसा जपून ठेवणारा लेयर. लेयरवर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट', आणि *मग* लहान करा. आधी लहान करून नंतर कन्व्हर्ट केलंत तर लहान झालेलाच फोटो आत जतन होतो, उपयोग शून्य. 'फाइल' मधल्या 'प्लेस एम्बेडेड'ने फोटो आणलात तर तो आपोआप स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणूनच येतो.

तुम्हाला आवडेल अशी गंमत सांगतो. स्मार्ट ऑब्जेक्टवर नंतर केव्हाही कंट्रोल-टी दाबा, वरच्या पट्टीत तो मूळ फोटोच्या किती टक्के आहे ते दिसतं. 4000 × 3000 चा फोटो 1080 उंचीच्या पानात बसवला असेल तर डब्ल्यू 36%, एच 36%. समजा तिथे 36 आणि 31 दिसलं, तर कुणीतरी ताणलाय हे लगेच कळतं, दोन्हीकडे 36 लिहायचं की जागेवर. साध्या लेयरवर मात्र दर वेळी 100% आणि 100% च दिसतं, आधी काय झालं याचा मागमूस नाही.

रिकामा_कॅनव्हास

गिंपमध्ये माझा उपाय गावठी आहे पण टिकाऊ: लहान करायच्या आधी लेयरची नक्कल करायची, मूळ लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून तो लपवायचा आणि नकलेवर काम करायचं. फाइल जड होते, होऊ दे. काम एक्ससीएफमध्येच (लेयर्स जपून ठेवणारा गिंपचा स्वतःचा फाइल प्रकार) सेव्ह करा, जेपीजी फक्त शेवटी काढा.

लहान करणं आणि फिरवणं दोन्ही करायचं असेल तर एकाच वेळी करा. 'युनिफाइड ट्रान्सफॉर्म' त्यासाठीच आहे. प्रत्येक वेळी एंटर मारलं की पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि फोटो थोडा थोडा मऊ पडत जातो.

मऊ_ब्रश

तिसरं सॉफ्टवेअर विचारलंय म्हणून: फुकटात क्रिटा बघा. ते मुळात चित्र काढणाऱ्यांसाठी आहे, पण त्यात 'ट्रान्सफॉर्म मास्क' मिळतो. लेयरला तो लावून आकार बदलला की मूळ पिक्सेलना धक्का लागत नाही. तिथे मात्र ओढताना शिफ्ट दाबल्यावर प्रमाण राखलं जातं, जुन्या फोटोशॉपसारखं. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यात स्मार्ट ऑब्जेक्टही आहेत. तिथे फ्री ट्रान्सफॉर्म 'एडिट' मेनूतून घ्या, कारण कंट्रोल-टी दाबलं की ब्राउझर नवा टॅब उघडतो.

पण एवढ्यासाठी नवीन शिकू नका असंच म्हणेन. हातात आहे ते पुरेसं आहे.

हौशी_कुंचला

सगळ्यांचे मनापासून आभार! डब्ल्यू-एच बघायची युक्ती एकदम पटली. गिंपमध्येही साखळी खरंच तुटलेली होती.

आणखी दोन शंका. काही फोटो माझ्याकडे आधीच ताणलेल्या अवस्थेत आलेत, मूळ फाइल कुणाकडेच नाही. ते सरळ करता येतील का? आणि एक फोटो लहान केल्यावर त्याची पांढरी किनार अचानक जाडजूड दिसायला लागली. हे काय?

बेरीज_वजाबाकी

पहिल्याचं उत्तर: फोटोत खात्रीने गोल असलेली आणि समोरून दिसणारी वस्तू शोधा, घड्याळाची तबकडी वगैरे. मेजर टूलने किंवा सिलेक्शन काढून तिची रुंदी-उंची मोजा. समजा रुंदी 412 आणि उंची 380 पिक्सेल भरली. 380 ला 412 ने भागलं की 0.922. साखळी मुद्दाम तोडा, रुंदी 92.2% करा, उंची 100% ठेवा, मग साखळी परत जोडा. उंची वाढवूनही गोल होईल, पण जास्त असलेली बाजू कमी करणं बरं, कारण त्यात नवे पिक्सेल बनवावे लागत नाहीत. तिरपी दिसणारी वस्तू मोजायला घेऊ नका, ती मुळातच लंबगोल दिसते.

थरावर_थर

किनार फोटोशॉपमध्ये 'लेयर स्टाइल'मधल्या स्ट्रोकने (कडेभोवती रेघ काढणारा इफेक्ट) दिलेली असणार. फ्री ट्रान्सफॉर्म फोटो लहान करतं, पण स्टाइलचे आकडे तसेच ठेवतं. 40% झालेल्या फोटोभोवतीही 10 पिक्सेलची किनार 10 चीच राहते, म्हणून जाड दिसते. सावलीचंही तेच. 'लेयर' मेनूत 'लेयर स्टाइल', त्यात सर्वांत खाली 'स्केल इफेक्ट्स' आहे, तिथे 40 लिहा. पण तुमच्या पानावर तीन फोटो शेजारी आहेत ना? मग तिघांच्या किनारी सारख्याच जाडीच्या हव्यात. स्केल करत बसण्यापेक्षा तिन्ही ठिकाणी सरळ 4 पिक्सेल टाका.