मदत हवी आहे: ३१६एलचं पिटिंग पोटेन्शियल दर वेळी वेगळंच येतंय

गंजका_खिळा: रिपोर्ट जमा करायचाय आणि आकडे जुळेनात. शरीरात बसवायच्या इम्प्लांटचं ३१६एल स्टेनलेस स्टील, एकाच पट्टीतून कापलेले तुकडे, पीबीएस (शरीरातल्या द्रवासारखं खारं द्रावण), ३७ अंश. व्होल्टेज वाढवत नेलं की एक ३०० मिलिव्होल्टलाच फुटतो, म्हणजे खड्डे पडून गंजायला लागतो, दुसरा ७०० गाठतो. पट्टीच खराब आहे का? जरा लवकर सांगा.

तर्कटराव: ३०० कशाच्या तुलनेत? द्रावणातला ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडला होता? पॉलिश कुठवर? आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

गंजका_खिळा: कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत. नायट्रोजन अर्थातच. १२०० नंबरच्या कागदापर्यंत घासलंय.

बिनधास्त_बाबा: टायटॅनियम घ्या, कटकटच मिटेल.

तर्कटराव: बाबा, प्रश्न स्टीलचा आहे. आणि टायटॅनियम घासलं गेलं की आजूबाजूचं मांस काळं पडतं, तेही सांगा की.

लॅबवाली: खरंच इम्प्लांटचं आहे का? आयएसओ ५८३२-१ या इम्प्लांटच्या स्टीलच्या मानकानुसार क्रोमियमचे टक्के अधिक ३.३ पट मॉलिब्डेनमचे टक्के किमान २६ भरायला हवेत. साध्या ३१६एलमध्ये १६ आणि २ असेल तर जेमतेम २२.६. गंधकही जास्त चालतं, मग सल्फाइडच्या कणांपाशी खड्डे पडतात. सर्टिफिकेट बघा.

पाय_मोडका: माझ्या पायात स्टीलची प्लेट आहे, एमआरआय चालेल?

लॅबवाली: हे स्टील चुंबकाला सहसा ओढलं जात नाही, पण चित्रात सावली येते. डॉक्टरांनाच विचारा.

तर्कटराव: खिळेबुवा, तुकडा बसवलाय कशात?

गंजका_खिळा: रेझिनमध्ये. सगळे बसवतात तसाच.

तर्कटराव: मग तिथेच पाणी मुरतंय, अक्षरशः. रेझिन आणि स्टीलच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, क्लोराइड साठतं, आम्लता वाढते आणि स्टीलला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर तुटतो. स्क्रूच्या डोक्याखाली शरीरातही हेच होतं. कड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पुढच्या वेळी आधी नायट्रिक ॲसिडमध्ये पॅसिव्हेट करा, म्हणजे तो थर पक्का करा, मग बसवा, फक्त तोंड घासा. कडेला लॅकर लावा.

लॅबवाली: लॅकर सुटतं आणि नवी फट तयार होते. रेझिनच नको, अख्खा तुकडा टांगा.

तर्कटराव: टांगायची तार पाण्यात बुडाली की तिथेही फटच.

गंजका_खिळा: बघितलं. ३००वाल्यांना कडेनेच खाल्लंय, ७००वाल्यांना मधेच बारीक खड्डे. ३००वाले काढून टाकू?

तर्कटराव: काढू नका. फटीतला गंज म्हणून वेगळा रकाना करा, फोटोसकट.

लॅबवाली: आणि सर्टिफिकेट?