थंडीत फळांनी रंगणारी झुडपं: पुण्यात काय लावावं?

बावधनकर
पुढच्या कुंपणाच्या आतून 18 फूट लांब, अडीच फूट रुंद वाफा आहे. दुपारी एकनंतर कडक ऊन, उत्तरेच्या टोकाला आंब्याची सावली. फूटभर काळी माती, खाली मुरूम. दरवर्षी शेवंती-पिटुनियाच्या कुंड्या नव्यानं भरण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत लाल-केशरी फळांनी भरणारी कायमची झुडपं हवी आहेत. होली किंवा पायराकांथा इथे चालेल का? दुसरं, फाटकाजवळ गोल्डन डुरांटाची पाच झाडं तीन वर्षांपासून आहेत. एकदाही फळ धरलेलं नाही, ते का?

कातरकाम
आधी डुरांटाचं. दोष झाडाचा नाही, कात्रीचा आहे. डुरांटाची फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. माळी दर दोन-तीन आठवड्यांनी कुंपण सपाट करत असेल, तर फुलांचे शेंडे दर वेळी कचऱ्यात जातात. त्यातून सोनेरी पानांची जात विकली जाते तीच मुळी पानांसाठी. फळं हवीत तर हिरव्या पानांची, जांभळ्या फुलांची साधी डुरांटा घ्या आणि वर्षातून एकदाच छाटा: मे संपता संपता, साधारण एक तृतीयांश. पावसाबरोबर फूट निघते, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात, दिवाळीच्या सुमारास घोस पिवळे पडू लागतात. जुलैनंतर शेंड्यांना हात लावला की त्या थंडीतली फळं गेली. एखादी फांदी रस्त्यावर आलीच तर ती बुंध्यापासून काढा, बाकी झाड तसंच ठेवा.

फळ म्हणजे वाटाण्याएवढा, बलकाच्या रंगाचा मणी, टोकाला बारीक चोच. घड खाली लोंबत असतो आणि त्याच फांदीच्या शेंड्याला अजून जांभळी फुलं असतात. कुंपणाला याहून भरगच्च दुसरं काही नाही.

होलीचा नाद सोडा. तिला लांब, सलग थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे 10-12 अंश असतं, पण दुपारी पारा 28-30 वर जातो. शिवाय नर-मादी झाडं वेगळी, एकटं झाड लावून लाल मणी दिसत नाहीत. (17 जानेवारी 1935 ला पुण्यात 1.7 अंशांची नोंद आहे, पण त्या भरवशावर होली लावू नये.) नर्सरीत ‘सिंगापूर होली’ म्हणून मिळते ती होली नव्हे, मालपिगिया. पानं तशीच काटेरी, फळं मात्र तुरळक. पायराकांथा मूळची थंड डोंगराळ भागातली, इथे जगली तरी फळांची खात्री नाही.

मुरमाड
लावणीचं सांगतो. 18 फुटांत पाच झाडं बसतात: दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडा, मधे साडेतीन-साडेतीन फूट. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. तळाचा मुरूम पहारीनं नुसता फोडून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्याची बादली होते आणि मुळं कुजतात. भरताना दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग चाळलेला मुरूम आणि खड्ड्याला 100 ग्रॅम निंबोळी पेंड. लावणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

युरिया जुलैनंतर बंद. नत्र जास्त झालं की झाड पानांवर जातं. ऑगस्टअखेर 0:0:50 (पालाशाचं विद्राव्य खत) लिटरला 5 ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी चुकलं की कोवळी फळं गळतात, तेव्हा पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या. रोज शिंपडणं काळ्या मातीत नको.

शेंगदाणा
कुंपणावर गुंजेचा वेल सोडा की! थंडीत शेंगा उकलल्या की लाल-काळे मणी मस्त दिसतात.

लिंबूटिंबू
गुंज चावली गेली तर जीवघेणी आहे, सोनाराच्या तागडीत ठीक. आणि डुरांटाची फळंही विषारी, हे वर कुणीच सांगितलं नाही. बावधनकर, घरात लहान मूल किंवा कुत्रा आहे का?

बावधनकर
चार वर्षांची मुलगी आहे, आणि दिसेल ते तोंडात घालते. मग डुरांटा बाद. कुंडीत चायना ऑरेंज आणि वाफ्यात कुंती, असं केलं तर?

लिंबूटिंबू
दोन्ही चांगली, पण एका अंगणात नकोत. सिट्रस सायला नावाची बारीक कीड कुंतीवर वाढते आणि तीच संत्रावर्गात ग्रीनिंग रोग पसरवते. कढीपत्त्यावरही ती असते. कोवळे शेंडे वळलेले आणि त्यावर पांढरे मेणचट धागे दिसले की समजा आली. कुंडी गच्चीवर नेऊन उपयोग नाही, कीड उडते.

तुमच्या वाफ्याला कुंतीच घ्या, आंब्याच्या अर्ध्या सावलीतही ती चालते. ताण बसून मग पाणी मिळालं की ती एकदम बहरते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बहराची फळं डिसेंबर-जानेवारीत शेंदरी-लाल होतात. सेंटीमीटरभर लांब, सालीवर लिंबासारखे तेलाचे ठिपके, आत लोकरीसारखी लव असलेलं बी. इथेही कातरकाम यांचाच नियम: छाटणी मेअखेर, मग हात बांधून बसायचं. कुंपणाची कुंती चौकोनी ठेवणाऱ्यांना वास मिळत नाही, फळही नाही.

चुनखडीच्या मातीत किंवा बोअरच्या पाण्यावर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फायदा नाही, चुन्यात ते अडकून बसतं. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांनी पुन्हा. सायल्याला निंबोळी तेल 5 मिली आणि द्रवसाबण 1 मिली लिटरभर पाण्यात, कोवळी फूट निघताना. फुलं उमललेली असताना मारू नका, मधमाश्या असतात.

कातरकाम
विषाचं मी सांगायला हवं होतं, चुकलं. गोल्डन डुरांटा मात्र उपटू नका. माळ्याला आहे तसाच कापत राहू द्या, म्हणजे फळ धरणारच नाही. पानंही खाण्याची नाहीत, तेव्हा मुलीवर लक्ष हवंच.

कुंतीची झाडं जानेवारीत उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत जाऊन निवडा, फळ धरलेली दिसतील ती. जूनपर्यंत पिशवीतच, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी ठेवा. बियांची रोपं स्वस्त पडतात, पण फुलायला काही वर्षं घेतात.

बावधनकर
आणि बुलबुल? सगळी फळं तेच संपवतील ना?

लिंबूटिंबू
संपवतात. कुंतीच्या पाचही झाडांवर जाळी टाकली तर कुंपण भाजीच्या गाड्यासारखं दिसेल. फाटकाजवळच्या दोन झाडांना फळ केशरी व्हायच्या आधी बारीक जाळी घाला, बाकी तीन त्यांची. जाळी खाली बुंध्याशी घट्ट बांधा, सैल राहिली तर पक्षी आत अडकतात.