धागा: स्टेशनावरची घरं, तुमच्या आठवणी लिहा

शकुंतला, बार्शी लाईट, पाचोरा-जामनेर, असल्या नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या लाईनींच्या कडेला चार क्वार्टर आणि एक हातपंप एवढ्याच वस्तीत ज्यांचं बालपण गेलं, किंवा घरात कुणी नोकरीला होतं, त्यांनी लिहा. गाडीबद्दल नेटवर ढीगभर सापडतं, त्या घरांबद्दल कोणी लिहीत नाही.

सुरुवात मीच करते. आमची यवतमाळ-मूर्तिजापूर लाईन, म्हणजे शकुंतला, कापूस न्यायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने टाकलेली. आजोबा गँगमन, रुळांची देखभाल करायचे. इंजिन १९२१ सालचं मँचेस्टरचं, १९९४ पर्यंत वाफेवर चाललं, त्यामुळे आमच्या चाळीत सरपणाची कधी ददात नव्हती. इंजिनची राख रुळाकडेला पडली की आजी आणि शेजारच्या बाया चाळणी घेऊन निघायच्या, अर्धजळका कोळसा वेगळा काढायचा, धुवून वाळवायचा, मग शेगडीत. हाताच्या भेगांतला काळा रंग तिच्या शेवटपर्यंत गेला नाही.

कुर्डुवाडीकर
बार्शी लाईट १८९७ ची, १९०६ ला पंढरपूरपर्यंत पोचली, आणि तेव्हापासून आषाढी म्हणजे आमच्या घरच्यांना लग्नघरच! वडील वर्कशॉपात फिटर. वारीत ओळखीचा, अनोळखी, कोणीही ओसरीत झोपायचा, आई रात्री दोनला पिठलं ढवळत असायची आणि वडील ड्युटीवर. सोयरिकीपण लाईनीतच, माझ्या दोन आत्या गार्डांच्या घरात दिल्यात, मामा फायरमन. पोरगं बघताना शेती किती विचारायचे नाहीत, बदली कुठंय ते विचारायचे.

अंजनगावचा
अचलपूर लाईन. शेवटी शेवटी स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता, गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. शाळेची पोरं धावत येताना दिसली की थांबायचापण.

गँगचाळ
वरचं सगळं छान आहे पण एक सांगू का, 'आम्ही सगळे एका कुटुंबासारखे' हे स्टेशनमास्तरांची पोरं सांगतात. आमच्या स्टेशनावर नळ मास्तरांच्या क्वार्टरला, आम्हाला हातपंप, तोही उन्हाळ्यात आटायचा, मग पॅसेंजरला जोडून पाण्याची टाकी आली की बाया हंडे घेऊन पळायच्या. वडील गँगचे मुकादम झाले तरी मास्तरांच्या ओसरीवर चहा वेगळ्या कपात यायचा. दिवाळीचा फराळ मात्र आमच्याकडूनही मागून न्यायचे, आईची चकली प्रसिद्ध होती ना.